घोळ गप्प झाली

"मोंडकर, आज जेवायला काय?"

कप्तानसाहेबांनी हे विचारलं तेव्हा आमच्या जहाजाच्या चहूबाजूंना पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. सगळी घोळ, एकेक दहा-बारा शेरांची. पाच मिनिटांपूर्वी मीच कानावरचं यंत्र बाजूला सारून ओरडलो होतो, "पाणबुडी! उजव्या हाताला, हजार वार!" त्यावर वाशिष्ठीने गर्रकन वळून नऊ पिंपं पाण्यात सोडली होती. पिंपं म्हणजे खोल जाऊन फुटणारे सुरुंग. दिसायला रॉकेलच्या पिंपासारखे, म्हणून आमच्यात त्यांना तेच नाव. समुद्र नऊ वेळा उसळला आणि वर आलं ते हे.

"घोळ आहे, साहेब," मी मान खाली घालून म्हणालो.

"चांगली लागते?"

"फार चांगली लागते, साहेब."

"मग भटारखान्याला सांग, टोपल्या काढा म्हणावं. नऊ पिंपं पडली आहेत तिला. वाया जायला नको."

जहाजभर खसखस पिकली. साहेबांचं नाव ब्रॅडविक. युद्धाआधी ते मुंबई-गोवा किनाऱ्यावरच्या बोटी हाकत, त्यामुळे खलाशांची हिंदुस्तानी बोलत आणि मनात आणलं तर आमच्याच भाषेत आमची रेवडी उडवत. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत सांगतोय. रागावले असते तर परवडलं असतं, पण ते हसून वर निघून गेले आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. समुद्रात धरणीही मिळत नाही.

त्या संध्याकाळी एकशेदहा माणसं घोळीचं कालवण ओरपत होती आणि घासागणिक माझा उद्धार होत होता. पुढच्या तोफेवरचा करमदाद, झेलमकडचा सहा फुटी गडी, भरलेलं ताट घेऊन मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसला.

"मोंडकरभाई," तो म्हणाला, "कल पापलेट मारो."

माझा वरिष्ठ हसन होडेकर शेजारीच बसला होता. रत्नागिरीच्या राजिवड्याचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, सात पिढ्या समुद्रावर काढलेला माणूस. तो हसत नव्हता. काटा काढता काढता हळूच म्हणाला, "आत्म्या, एक सांग. तू निवतीचा गाबीत. घोळ तुला ऐकू आली नाय?"

मी ताट उचलून निघालो.

आमचं वाशिष्ठी तसं लहानसं लढाऊ जहाज. चिपळूणच्या नदीचं नाव मिळालेलं, पुढे एक तोफ, मागे एक, आणि शेपटाकडे ही पिंपं. काम एकच: मालाच्या आणि माणसांच्या जहाजांचा तांडा पाणबुड्यांपासून राखत एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायचा. दोन वर्षं आम्ही बसरा, एडन, कोलंबो, मुंबई अशी गस्त घालत होतो. बावीस तांडे पोचवले. एकदा मसिरा बेटाच्या बाहेर दुसऱ्या कुणाच्या तांड्यातलं तेलाचं जहाज जळताना बघितलं आणि त्यातली अठरा माणसं पाण्यातून उचलली. त्यातली सहाच मुंबईला पोचली. पण आमच्या स्वतःच्या राखणीतलं एकही जहाज गेलं नव्हतं. ही गोष्ट जहाजावर कुणी मोठ्याने बोलत नसे. बोललं की नजर लागते असं करमदादपासून भटाऱ्यापर्यंत सगळ्यांचं एकमत होतं.

हा तेविसावा तांडा. इराणच्या आखातातून मुंबईला निघालेली पाच जहाजं: तीन तेलाची, एक धान्याचं, आणि मधोमध 'मॉरवेन' नावाचं थोरलं पलटणीचं जहाज. त्यात अकराशे सैनिक. दोन वर्षं आफ्रिकेच्या वाळवंटात काढून रजेवर घरी निघालेले, बहुतेक सातारा-कोल्हापूरकडचे. गावाकडे आमच्या थोरल्या भावाने मी गोऱ्याची चाकरी धरली म्हणून बोलणं टाकलं होतं, आणि त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण मॉरवेनच्या कठड्याला टेकून ती पोरं दिवसभर विड्या ओढत पूर्वेकडे बघत बसलेली दिसायची. ती घरी पोचायला हवी होती, एवढं मला कळत होतं.

माझी जागा ब्रिजखालच्या, म्हणजे कप्तान उभा असतो त्या माचीखालच्या, एका खोलीत. तिला खिडकी नाही. जहाजाच्या बुडाला एक यंत्र बसवलेलं असे. ते पाण्यात एक बारीक आवाज सोडायचं आणि समोर काही कठीण असलं तर त्यावर आपटून तो आवाज परत यायचा. मी कानावर ऐकायची भांडी लावून, हातातलं चाक फिरवत, चहूदिशांना कान द्यायचा. परत आलेला आवाज कसा, किती वेळाने, किती उंच, यावरून पाणबुडी ओळखायची. हे सगळं नौदलाच्या शाळेत पुस्तकातून शिकवलं होतं.

त्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मी एक मूर्खपणा केला होता. मास्तरने विचारलं, पाण्याखालचा आवाज तुमच्यापैकी कुणी कधी ऐकलाय का. मी उठलो आणि सांगितलं, आम्ही गाबीत, म्हणजे दक्षिण कोकणातले कोळी, वल्ह्याने ऐकतो. भाद्रपदात घोळीचा थवा किनाऱ्याकडे येतो. तेव्हा नांगर टाकायचा, होडीत कुणी खोकायचंसुद्धा नाही. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. घोळ बोलते. ढोलकी ओली झाल्यावर जशी बद्द वाजते तसा तिचा आवाज. किती आहे, कुठे आहे, कुणीकडे चाललीय, सगळं कळतं. माझ्या बाबांनी आठव्या वर्षीच माझा कान हेरला होता; नवव्या वर्षी मी आमच्या होडीचा ऐकणारा झालो होतो.

वर्ग खो-खो हसला. मास्तर म्हणाला, "ही पाणबुडीची शाळा आहे, मासळीबाजार नव्हे." पुढचे चार महिने माझं नाव 'मच्छी' पडलं. तेव्हापासून मी ठरवलं होतं, पुन्हा तोंडातून वल्हं काढायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला माझी पाळी लागली. काठेवाड मागे पडलं होतं, मुंबई एका दिवसावर आली होती. पाणी तीस वाव खोल, समुद्र शांत. पुढे आम्ही, मागे एकामागे एक पाच जहाजं.

कानावर यंत्र लावलं आणि मला हसूच आलं. खाली बाजार भरला होता. डावीकडे, उजवीकडे, समोर, जिथे चाक फिरवावं तिथे घोळ. इतकी घोळ मी आयुष्यात ऐकली नव्हती. बाबांना हे ऐकायला मिळतं तर नाचले असते. यंत्राचा आवाज त्या थव्यावर आपटून चुरगळून परत येत होता, त्याचा काही उपयोग नव्हता.

"काय रे," होडेकर म्हणाला, "परत बोलाय लागली काय घोळ?"

"लय बोलता हसनभाय."

"बोलू दे. तू बोलू नको. आज कालवण नको मना."

तासभर तसाच गेला. साडेतीनच्या सुमाराला चाक फिरवता फिरवता माझा हात थांबला. डावीकडे, तिरप्या अंगाला, एका जागी काहीच नव्हतं. त्याच्या अलीकडे घोळ, पलीकडे घोळ, मधे एक भोक. मी चाक पुढे नेलं, परत आणलं. भोक तिथेच. पाच मिनिटं थांबून पुन्हा ऐकलं. भोक सरकलं होतं. ज्या बाजूने ते आलं होतं तिथली घोळ पुन्हा बोलू लागली होती आणि ज्या बाजूला ते चाललं होतं तिथली एकेक करून बंद होत होती.

बाबा म्हणायचे ते ऐकू आलं: जंय घोळ गप रवता, थंय खाली मुशी आसता. मोठी मुशी, म्हणजे शार्क, थव्यात शिरली की घोळ जिवाच्या भीतीने तोंड मिटते. बाबा अशा वेळी जाळं न टाकता होडी मागे घ्यायचे, कारण मुशी जाळं फाडते.

पण घोळीचा एवढा मोठा पट्टा गप्प करील अशी मुशी कुणी बघितलेली नव्हती.

"हसनभाय, आवाज बंद झालो."

"यंत्र बिघडला काय?"

"यंत्र बरा आसा. घोळ गप झाली. एकाच जाग्यार. आणि तो जागो चलता."

होडेकरने माझ्या कानावरची भांडी ओढून स्वतःच्या कानाला लावली. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "मना तर माशांचाच आवाज येतो."

"डावीकडे फिरव. हा, थंय. थंय येता काय?"

तो चाक हळूहळू पुढेमागे करत राहिला.

"परतीचा आवाज?" त्याने विचारलं.

"नाय. मधे थवो आसा, काय कळणा नाय."

"मंग ब्रिजवर काय सांगू? मासे बोलत नाय, या म्हणून?" तो म्हणाला. "आत्म्या, दुधानं तोंड पोळलाय आपला काल. आज ताक सुद्धा फुंकून पिऊ दे. आज परत घोळ निघाली ना, तर तुझा कान कापून साहेब झेंड्याच्या काठीला लावतील. माझा पण."

"तो जागो मॉरवेनच्या वाटेक चललो हा, हसनभाय."

होडेकरचाही बाप समुद्रावर जन्म काढलेला माणूस. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि बोलायच्या नळीला तोंड लावून ब्रिजवर निरोप दिला की कप्तानसाहेबांनी स्वतः खाली यावं.

साहेब आले. दारातच उभे राहिले.

"परतीचा आवाज?"

"नाही, साहेब," मी म्हणालो.

"पंख्याचा आवाज? यंत्राची घरघर?"

"नाही, साहेब."

"मग ऐकलंस तरी काय?"

"काहीच नाही, साहेब."

"काहीच ऐकलं नाहीस, म्हणून मला बोलावलंस?"

एरवी मी मेलोच असतो. पण कानात ते भोक सरकत होतं. मी एका दमात सगळं सांगितलं: घोळ, मुशी, बाबा, वल्हं, सगळं. दोन वर्षं गिळून ठेवलेलं वल्हं भडाभडा बाहेर पडलं. साहेबांनी मधे तोंड घातलं नाही.

मग म्हणाले, "काल तू पाणबुडी म्हणालास."

"होय, साहेब."

"ते मासे निघाले."

"होय, साहेब. ते मासे आहेत हे मला काल ठाऊक होतं."

होडेकरने चमकून माझ्याकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा दगडासारखा झाला.

"ठाऊक होतं?"

"कालही घोळ बोलत होती, मला स्वच्छ ऐकू येत होती. पण परतीचा आवाज पुस्तकात लिहिलाय तसा चोख आला. असा आला की पाणबुडी म्हणायचं, असं शिकवलंय. मी म्हटलं. घोळ ऐकू येते असं सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, कोळ्याचा पोर, याला जिथे तिथे मासळीच दिसते. मला लाज वाटली, साहेब. काल मी पुस्तकातलं सांगितलं. आज माझ्या कानातलं सांगतोय."

मला आयुष्यात पहिल्यांदा मोकळं वाटत होतं.

"ती गप्प जागा किती वेगाने सरकतेय?" साहेबांनी विचारलं.

"माणूस भरभर चालतो तेवढ्या, साहेब."

"मॉरवेनच्या वाटेत यायला किती वेळ?"

"दहा मिनिटं. कमीच."

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "माझ्याजवळ एकतीस पिंपं उरली आहेत," ते म्हणाले. "मी तिकडे गेलो आणि इकडे काही झालं, तर पाचही जहाजं उघडी पडतील. आणि आज पुन्हा मासे निघाले तर मला मुंबईत कुणी पडावसुद्धा वल्हवायला देणार नाही. तू भट्टीवर कोळसा ओढशील. कळलं?"

"कळलं, साहेब."

"ती जागा कानाआड होऊ देऊ नकोस."

ते धावत वर गेले आणि नळीतून त्यांचा आवाज घुमला: "डावीकडे पूर्ण! वेग पूर्ण! तांड्याला निशाण करा, सगळ्यांनी उजवीकडे वळा, ताबडतोब!"

वाशिष्ठी कलली, पेन्सिली टेबलावरून गडगडल्या. वर भोंगा वाजत होता. पुढचं सगळं मी डोळ्यांनी नाही, कानांनी बघितलं. वेग वाढला तशी आमच्याच पाण्याची खळखळ घोळीवर चढली. मी डोळे मिटून त्या खळखळीखाली शिरलो. भोक समोर होतं. अगदी समोर.

मग त्या भोकातून एक किणकिण निघाली. बारीक, तापलेली. मग दुसरी. मग तिसरी.

"पाणतीर!" मी किंचाळलो. "तीन सोडले! हसनभाय, ती आसा! ती आसा!"

होडेकर नळीत ओरडला. पाणबुडीवाल्याने पेरिस्कोपमधून आपली शिकार वळताना पाहिली असावी आणि घाईघाईने नेम धरला असावा. आमचा टेहळ्या नंतर सांगत असे की टॉर्पेडोंच्या पांढऱ्या तीन रेघा मॉरवेनकडे धावल्या, जहाज वळतच होतं, दोन पुढून गेल्या आणि तिसरी त्याच्या शेपटामागून वीस हातांवरून निघून गेली. अकराशे माणसं कठड्याला उभी राहून ती बघत होती.

मी ते काही पाहिलं नाही. मला आता परतीचा आवाज मिळत होता. टण्ण. घोळ पांगली होती, वाट मोकळी झाली होती, आणि लोखंडावर आपटावा तसा आवाज येत होता. "सहाशे वार! चारशे! दोनशे!"

पिंपं पडली. पहिली पाच, मग पाच. मी भांडी कानावरून दूर धरली, तरी दात हादरले. पुन्हा कानाला लावली तेव्हा खाली कुणीतरी भला मोठा सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला.

"हवा सोडतेय," होडेकर म्हणाला. "वर येते! आत्म्या, ती वर येते!"

वर तोफांचा भडका उडाला. आमची पुढची तोफ चार वेळा बोलली आणि लगेच त्यांची बोलली. आमच्या डोक्यावर काहीतरी फाटलं, खोलीतला दिवा गेला. नळीतून साहेबांचा आवाज आला, शांत, बोट धक्क्याला लावताना देतात तसा हुकूम: "सरळ. असंच सरळ ठेवा. सर्वांनी धरून बसा."

"खाली बस!" होडेकरने मला जमिनीवर पाडलं. "पाय भिंतीला लाव!"

वाशिष्ठीने आपली नाळ, म्हणजे पुढचं टोक, त्या पाणबुडीच्या अंगात घातली. माझ्या कानात एकच कडाका झाला आणि यंत्र मेलं. बुडाला बसवलेला तो कान उखडून गेला होता. माझं काम तिथे संपलं.

धडपडत वर आलो तर उन्हाने डोळे दिपले. आमच्या नाळेखाली ती होती. काळी, लांब, मधून वाकलेली. तेलाचा उग्र वास सुटला होता. ती एका कुशीवर वळली, शेपूट वर काढलं आणि बघता बघता गेली. पाण्यावर बुडबुडे आले आणि तेलाचा पट्टा पसरला.

पुढची तोफ जागेवर नव्हती. तिच्यावरचे नऊ जणही नव्हते. करमदादला मी पापलेट खाऊ घालणार होतो. मुंबईला उतरल्यावर ससून डॉकवरून आणायचं आणि त्याच्यासमोर ताट ठेवायचं, असं मी आदल्या रात्री चिडून ठरवलं होतं.

वाशिष्ठीची नाळ हनुवटी मोडल्यासारखी आत गेली होती. पाणी एकेक खण भरत येत होतं. इंजिनवाल्यांनी वीस मिनिटं झुंज दिली. मग साहेब स्वतः खाली जाऊन बघून आले आणि म्हणाले, "तिने आपलं काम केलंय. आता तिला छळू नका. जहाज सोडा."

आम्ही घाई केली नाही. तिनेही केली नाही. जखमी माणसं तराफ्यांवर उतरवेपर्यंत, भटाऱ्याने आपलं कुराण आणि निशाणांचे आणि दिव्यांचे निरोप वाचणाऱ्या लोपीसने आपला क्रूस घेईपर्यंत ती सरळ उभी राहिली. शेवटी साहेब उतरले. मग ती नाळेकडून खाली गेली, शेपटावरचा झेंडा शेवटपर्यंत वर. होडेकर पाण्यात माझ्या शेजारी तरंगत होता. त्याने एक हात वर केला आणि समुद्रातूनच तिला सलाम केला.

तांड्याचा नियम असा की बुडालेल्यांसाठी कुणी थांबायचं नाही. जो थांबतो तो पुढचा बळी. मॉरवेन थांबलं. त्याचा म्हातारा कप्तान नियम कोळून प्यालेला होता असं म्हणतात, पण तो मागे वळून आला आणि आमच्यात येऊन उभा राहिला. कठड्यावरून जाळ्या सुटल्या, दोर सुटले. सैनिक जाळीवरून कंबरभर पाण्यात उतरले.

"धर रं गड्या, हात दे!" एका दणकट मिशाळ माणसाने माझं मनगट धरून मला पोत्यासारखं वर ओढलं. मग स्वतःचं कांबळं माझ्या अंगावर टाकलं. ते सुभेदार शेडगे, कोरेगावकडचे.

"कंचं जहाज म्हनायचं तुमचं?"

"वाशिष्ठी," मी दात वाजवत म्हणालो.

"किती मानसं गेली?"

"नऊ."

सुभेदार डेककडे वळून बघू लागले. जिकडेतिकडे त्यांची पोरं आमच्या माणसांना चहा पाजत होती, अंग चोळत होती, स्वतःचे सदरे काढून देत होती.

"आमी अकराशे हाय," ते म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

संध्याकाळपर्यंत पाचही जहाजं पुन्हा रांगेला लागली. आसपास आणखी पाणबुडी असेल म्हणून बिनतारी बंद ठेवायचा हुकूम होता, त्यामुळे मुंबईला काहीच कळवता आलं नाही. तांड्याचा प्रमुख पहिल्या तेलजहाजावर होता. त्याने निशाणं चढवून सगळ्यांना एकच आज्ञा दिली, ती लोपीसने आम्हाला वाचून दाखवली: आपापली जागा पहिल्यासारखीच धरा, पुढची जागा मोकळी ठेवा. राखणीचं जहाज जिथे असायचं तेवढं पाणी त्या पाचांपैकी कुणी ओलांडलं नाही.

सकाळी दहाला मुंबईचा किनारा दिसला. आम्ही शंभर आणि एक जण मॉरवेनच्या पुढच्या डेकवर गोळा झालो होतो. साहेब अनवाणी होते, अंगात सुभेदारांचा लांब सदरा. ते माझ्याशी बोलले नाहीत, नुसता माझा कान पकडून हलवला. मला त्याहून मोठं पदक पुढे कधी मिळालं नाही.

बंदराच्या तोंडाशी आलो तसा किनाऱ्यावरच्या ठाण्याचा दिवा लुकलुकू लागला. लोपीस एकेक शब्द मोठ्याने वाचू लागला.

"तुमचं... राखणीचं... जहाज... कुठे... आहे?"

पुढच्या तेलजहाजावरून उत्तराचा दिवा उघडझाप करू लागला. लोपीसचे ओठ हलत होते, पण आवाज फुटेना.

"बोल ना रे!" होडेकर ओरडला.

"वाशिष्ठी आमच्या पुढे आहे," लोपीसने वाचलं. "आम्ही तिच्या मागोमाग येतोय."

ठाण्याचा दिवा विझला. तिथल्या माणसाने दुर्बीण लावून त्या मोकळ्या पाण्याकडे बघितलं असेल, पाच जहाजं मोजली असतील, कुणाला तरी हाक मारली असेल. मग दिवा पुन्हा लागला, या वेळी सावकाश, अगदी शिकाऊ पोरालाही वाचता यावा असा.

"वाशिष्ठीने आत यावं," लोपीस रडत रडत ओरडला. "बंदर तिची वाट बघतंय!"

बंदरातल्या एका लढाऊ जहाजाने भोंगा दिला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी; मचव्यांवरच्या आणि पडावांवरच्या माणसांनीसुद्धा भांडी वाजवली. खलाशी डेकवर रांगा धरून उभे राहिले आणि आमच्यापुढच्या रिकाम्या पाण्याला त्यांनी सलामी दिली. मॉरवेनवर अकराशे माणसांनी एकदम आरोळी ठोकली, इतकी की पायाखालची फळी थरथरली, आणि त्यात आमचे शंभर घसे मिळाले, साहेबांचाही. होडेकर माझ्या गळ्यात पडून हसत होता आणि रडत होता.

पाचही जहाजं तिच्या मागून बंदरात शिरली.